दोन बोटांचा करदोडा

आमच्या घरात वजनकाटा नव्हता आणि बाबांना त्याची गरजही नव्हती. नंदूच्या आणि माझ्या कमरेला काळा करदोडा असायचा, बाबांनी स्वतः वळलेला, आणि त्याची गाठ त्यांच्याशिवाय कुणी सोडायची नाही असा नियम होता. रविवारी सकाळी आम्ही दोघे भाऊ बनियन वर करून त्यांच्यासमोर उभे राहायचो. ते करदोड्यात दोन बोटं घालायचे. बोटं सहज फिरली तर पोरगं ठीक. अडकली तर पुढचा आठवडाभर ताटातला भात कमी, माशाची तुकडी बंद आणि मैदानाला जास्तीचे फेरे. माझ्या कमरेवर त्यांची बोटं अशी फिरायची की मला गुदगुल्या होऊन हसू यायचं. नंदूच्या कमरेवर करदोडा मांसात रुतलेला असे. बाबा त्याच्याखाली बोटं खुपसायचे, पीळ द्यायचे आणि विचारायचे, "ह्यो करदोडो काय फास रे मेल्या?" नंदू पोट आत ओढून, श्वास धरून, छताकडे बघत उभा राहायचा. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता आणि पोट आत ओढलं की बाबा फसतील असं त्याला दर रविवारी नव्याने वाटायचं.

आम्ही तेव्हा बोरिवली पूर्वेला राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होते. पहाटे आईने स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, त्यावर बाबांच्या जोरबैठकांचे हुंकार आणि मग त्यांची पितळी शिट्टी. ती शिट्टी कारखान्याच्या कसल्याशा क्रीडादिनाची होती. ती वाजली की आम्ही चपला हातात घेऊन, खालच्या बिऱ्हाडांची झोप मोडू नये म्हणून अनवाणी जिना उतरायचो. शिट्टीने त्यांची झोप आधीच मोडलेली असायची, हे बाबांच्या कधी लक्षात आलं नाही. मैदानात धावून आलो की भिजवलेले चणे, मोड आलेले मूग आणि गुळाचा खडा. चणे चावण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, कारण त्या वेळी बोलायला बंदी होती. नंदू गूळ सगळ्यात आधी खायचा. मी शेवटपर्यंत ठेवायचो, आणि त्याचा संपला की त्याच्यासमोर चाटून चाटून खायचो.

बाबांना वेड लागलेलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ गिरणीत होते. पाळी संपवून घरी आले, जिन्यात दम लागला म्हणून पायरीवर बसले, ते उठले नाहीत. काका जाडे होते, हसरे होते आणि खाण्याचे शौकीन होते. नंदूचा चेहरा, त्याच्या मानेची घडी, त्याचं हसताना गदगदणं, सगळं काकांसारखं. घरी येणारं प्रत्येक माणूस ते कौतुकाने बोलून दाखवायचं. ते ऐकून बाबांना काय वाटत असेल हे मला स्वतः बाप झाल्यावर कळलं. तेव्हा इतकंच दिसायचं की पाहुणे गेले की नंदूला जिना चढायला-उतरायला लावलं जातं. शेजारच्या वहिनी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अहो भावजी, पोर आहे, वाढीचं अंग आहे." बाबा म्हणायचे, "तुमच्या पोराक वाढवा तुम्ही."

नंदूच्या भाताखाली आई तळलेल्या बांगड्याचा तुकडा लपवायची आणि वर आमटी ओतायची. बाबांना ते दिसायचं नाही, कारण ते भाताच्या उंचीकडे बघत. मला दिसायचं. मी बाबांकडे बघायचो, मग नंदूकडे, मग परत बाबांकडे. नंदूचा घास तोंडात फिरायचा थांबायचा. मी काही बोलायचो नाही, नुसतं बघायचो. एखाद्या दिवशी मात्र बोलायचो. कधी बोलणार आणि कधी नाही हे मलाही ठाऊक नसे, आणि त्यातच मजा होती. त्या वयातली कुठलीच मजा, क्रिकेटसुद्धा, मला इतकी स्पष्ट आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या मनात पोहण्याचं आलं. धावताना नंदू फसवतो, चालत चालत फेरे पुरे करतो, पण पाण्यात फसवता येत नाही, असं ते म्हणाले. कारखान्यात त्यांच्याबरोबर पास्कल नावाचा टर्नर होता, गोराईचा. त्याच्या घरामागे भाजीचं वावर आणि वावरात मोठी दगडी विहीर होती, पायऱ्यांची. आमच्या गावी कोकणात पोरांना विहिरीतच पोहायला शिकवत. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि पोरगं ढकलून द्यायचं. बाबांनी भोपळ्याऐवजी तेलाचा लहानसा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याचं झाकण घट्ट बसवलं, कडेने सुंभ गुंडाळलं. रविवारी करदोडा तपासून झाला की आम्ही तिघं बसने खाडीपर्यंत, मग लाँचने पलीकडे आणि मग रस्त्याने चालत पास्कलकडे. नंदूला लाँच फार आवडायची. तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघत हसत असायचा. पलीकडचा धक्का दिसायला लागला की हसणं थांबायचं.

मी पाच-सहा रविवारांत पोहायला लागलो. एकदा परत येताना डबा माझ्या हातात होता आणि आत पाणी डचमळल्याचं मला जाणवलं. मी झाकण उघडलं. डबा पाऊण भरलेला होता. बाबा पुढे चालत होते, ते मागे वळून हसले. त्यांच्या गावची ती युक्ती होती. दर खेपेला पोराच्या नकळत डब्यात थोडं थोडं पाणी घालायचं. पोराला वाटतं डबा तरंगवतोय, आणि एक दिवस डबा पूर्ण भरलेला असतो आणि पोरगं आपलं आपण पोहत असतं. "माका असाच शिकवल्यानी माझ्या बापाशीन," बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नंदूक सांगू नको हां. तुझ्यामाझ्यात." लाँचवर नंदू दुसऱ्या टोकाला कठड्याशी उभा होता आणि मी बाबांशेजारी. आमच्यात एक गुपित होतं. मला इतकं मोठं झाल्यासारखं आधी कधी वाटलं नव्हतं.

नंदूचं काही जमेना. तो शेवटच्या पायरीवर बसायचा, डबा पाठीला, हातात पायरीशी बांधलेला दोर. बाबा त्याला ढकलायचे, तो कुत्र्याच्या पिल्लासारखा हातपाय मारत परत पायरीला येऊन चिकटायचा. रविवार असल्याने पास्कलकडची सगळी मंडळी तोवर चर्चहून परतलेली असायची. पांढरे सदरे, फुलाफुलांचे झगे, पावडरचा वास. ती सगळी विहिरीच्या काठावर बघायला येऊन बसायची. कुणीतरी म्हणायचं, "अरे हा बुडणार नाही, ह्याच्यात तेल आहे." हशा पिकायचा. बाबाही हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. पास्कलची म्हातारी आई तेवढी हसायची नाही. ती ताटात फुगे घेऊन यायची. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले, पोकळ, गोडसर गोळे, अजून गरम असलेले. ते ताट नंदूच्या नाकाखालून जायचं. बाबांनी एकदा सगळ्यांसमोर जाहीर केलं, "ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलास तर पोटभर खा. मी मोजूचंय नाय." नंदूने विचारलं, "खरंच बाबा?" "पास्कलच्या आवशीची शपथ." म्हातारी म्हणाली, "माझी शपथ कशाला रे बाबा, स्वतःची घे." पुन्हा हशा.

मला वाटतं नंदू फुग्यांसाठी पाण्यात उतरला नाही. मी खूप वर्षं तसंच समजत होतो, कारण ते सोयीचं होतं. त्याला एकदा, एकदाच, बाबांनी त्याच्याकडे माझ्याकडे बघतात तसं बघायला हवं होतं. त्यानंतर तो रोज पहाटे माझ्याआधी उठायला लागला. मोरीत बादलीत तोंड घालून श्वास धरायचा सराव करायचा. मी त्याला हसायचो. तो बादलीतून तोंड काढून, नाकातून पाणी गळत, "आज जास्त वेळ राहिलो रे सुरेश," म्हणायचा.

आणि तो शिकत गेला. डब्यातलं पाणी वाढत गेलं आणि तो पायरीपासून लांब लांब जात राहिला. पाणी भरायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. नंदू कपडे काढेपर्यंत मी पास्कलच्या पंपाखाली डबा धरायचो. ज्या रविवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी बाबा म्हणाले, "आज पुरो भर." मी काठोकाठ भरला. बाबांनी तो स्वतः उचलून नंदूच्या पाठीला बांधला, म्हणजे त्याला वजन कळू नये, आणि मागून डबा हातावर तोलूनच त्याला पायऱ्यांनी पाण्यात नेला. मी वळसा घालून समोरच्या काठावर जाऊन बसलो. मला तिथे बसवलं होतं, नंदूने माझ्याकडे बघत यावं म्हणून.

तो आला. सुरुवातीला पाणी उडवत, मग जरा सावकाश. पाय बेडकासारखे मारत होता, हनुवटी वर होती आणि नजर माझ्यावर. मधोमध आला तेव्हा त्याला स्वतःलाच कळलं की जमतंय, आणि तो हसायला लागला. पाण्यातही त्याचं अंग गदगदत होतं. काठावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. बाबा शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे होते. ते ओरडले, "वाघ! वाघ माझो!" मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा मी ओळखत नव्हतो. डोळ्यांत पाणी होतं. मी विहीर पार केली होती तेव्हा त्यांनी मान हलवून "बरा झाला" म्हटलं होतं.

मी पुढे वाकलो आणि ओरडलो, "नंद्या, डबा रिकामा नाहीये! पाण्याने भरलाय!"

त्याने हसतच माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून, एक हात मागे नेऊन डबा चाचपला. तो पाण्याखाली होता. मला अजूनही वाटतं, त्याने तेव्हा नुसते पाय मारले असते तरी चाललं असतं. अंग तेच होतं, पाणी तेच होतं, अर्धी विहीर तो आपल्या जोरावर आलेला होता. पण त्याचा चेहरा बदलला. भीती दिसायच्या आधी त्यावर दुसरंच काहीतरी होतं, कुणी चारचौघांत चड्डी ओढावी तसं. मग तो सरळ खाली गेला. भरलेल्या डब्याने त्याला वर यायला मदत केली नाही.

बाबांनी कपड्यांसकट उडी घेतली. पास्कलनेही घेतली. त्यांनी त्याला वर आणलं, पालथा घातला, पाठीवर बुक्के मारले. त्याने पाणी ओकलं, मग रडायचा प्रयत्न केला, पण आवाज निघाला नाही. बाबांनी टाळ्यांच्या गोंगाटात माझं ओरडणं ऐकलं नव्हतं, किंवा मी हुरूप देतोय असं त्यांना वाटलं होतं. ते धापा टाकत म्हणाले, "अर्ध्यावर येवन मागे बघलंस कित्याक? कित्याक बघलंस?" नंदू माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या उत्तराची वाट बघत उभा होतो, पाय पळण्याच्या तयारीत. त्याने माझं नाव घेतलं नाही. "भ्यालंस! शेवटी भ्यालंसच!" बाबांनी त्याच्या कानाखाली मारली, नुकत्याच वर काढलेल्या पोराच्या. पास्कल मध्ये पडला, "अरे तावडे, काय करतो, मरत होता तो."

त्यानंतर जे झालं ते थपडेपेक्षा वाईट होतं. बाबा शांत झाले. त्यांनी म्हातारीच्या हातातलं फुग्यांचं ताट घेतलं आणि नंदूच्या मांडीवर ठेवलं. "खा. पोटभर खा. आतापासून तुका कोण काय म्हणाचो नाय." मग पास्कलकडून भाजी कापायची सुरी मागितली, नंदूच्या करदोड्याखाली घातली आणि एका झटक्यात करदोडा कापून विहिरीत टाकला. नंदू खायला लागला. एकामागून एक, न थांबता, कुणाकडेही न बघता, ओठांवरून विहिरीचं पाणी ओघळत असताना. आता कुणी हसत नव्हतं. म्हातारी दुसरं ताट घेऊन सगळ्यांना फुगे वाटत आली. माझ्यासमोर आली, माझ्याकडे बघितलं आणि ताट पुढे नेलं.

घरी पोचल्यावर आईने नंदूचा ओला सदरा काढला आणि ती किंचाळली. आमच्यात करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर, सरणावर ठेवण्याआधी. "जित्या पोराचो करदोडो तोडलात? हात कसो धजावलो तुमचो?" बाबा पाय धूत होते. म्हणाले, "माझ्यापुरतो तो विषय संपलो."

ते शब्दाला जागले. नंदूपुरती पहाटेची शिट्टी बंद झाली. शिट्टी वाजायची, पण बाबा त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढायचे नाहीत. ताटात त्याला हवा तेवढा भात, माशाचा मोठा तुकडा, पाहुण्याला वाढावं तसा. बाबा त्याच्याशी कधी रागावून बोलले नाहीत. तो नापास झाला तेव्हा नाही, त्याने शिक्षण सोडलं तेव्हाही नाही. सुरुवातीचे काही दिवस तो आपणहून शिट्टीबरोबर उठून, चपला हातात घेऊन दारात उभा राहायचा. बाबा म्हणायचे, "तू नीज रे." मी त्यांच्याबरोबर धावायला जायचो. मला आयुष्यभर पुरतील एवढी फुप्फुसं त्यांनी करून दिली.

मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. आधी माराच्या भीतीने, मग नोकरी, लग्न, मुलगी, आणि नंतर इतका उशीर झाला होता की सांगणं हा त्यांच्यावरच अत्याचार ठरेल असं मी स्वतःला पटवलं. आता आमच्या वसाहतीशेजारी हिरव्या गालिच्याचं फुटबॉलचं मैदान आहे. संध्याकाळी जाळीबाहेर तरुण बाप उभे असतात आणि आतल्या लहान मुलांवर ओरडतात. मी तिथून जाताना बापांकडे बघत नाही. बाकावर बसून राहिलेल्या एखाद्या पोराचा मोठा भाऊ कोणता असेल ते शोधतो.

नंदूचं कांदिवलीला केटरिंगचं काम आहे. तो अजून जाडा आहे, हसतानाही अजून गदगदतो. माझ्या मनगटावरच्या पावलं मोजणाऱ्या घड्याळाकडे बघून विचारतो, "काय म्हणतंय रे? जिवंत आहेस ना?" त्याच्या मुलाने पोहण्याच्या कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळवलं, ते मला इतर नातेवाइकांकडून आलेल्या फोटोतून कळलं. स्पर्धेला आमच्यापैकी कुणालाच बोलावलं नव्हतं.

बाबांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. नजरही जवळजवळ गेली. आई आधीच गेलेली, म्हणून ते माझ्याकडे आहेत. त्यांना रोज चालवायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय. कमरेला पंचा बांधायचा, मागून धरायचा, तोल गेला तर सावरायचं. मी चालवतो. ते दोन-चार पावलांत थांबतात, "पुरे रे" म्हणतात. मी पंचा ओढतो. परवा मी त्यांना म्हणालो, "भ्यालात? शेवटी भ्यालातच?" आणि माझाच आवाज मला ऐकू आला. त्यांनी मान खाली घातली आणि पाऊल टाकलं. त्या दिवशी त्यांना मी गोड दिलं नाही, कारण फेरा अर्धाच झाला होता.

मागच्या रविवारी दुपारी नंदू आला, डब्यात बांगड्याचं तिखलं घेऊन. मी आत फोनवर होतो. बाहेर आलो तर तो बाबांना मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात चालवत होता. पंचा त्याच्या मुठीत होता. त्याची मूठ सैल होत होती, जरा जरा, दर पावलाला. बाबांना ते कळत नव्हतं. मग त्याने पंचा सोडून दिला. त्याचं टोक बाबांच्या मागे लोंबत होतं आणि बाबा चालत होते, आपले आपण, झटक्यानंतर पहिल्यांदा. नंदू रिकामे हात पुढे धरून, त्यांच्यामागून पाऊल न वाजवता जात होता.

त्याने मान वर केली आणि मी दारात उभा असलेला त्याला दिसलो. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. विहिरीच्या मधोमध गेलं होतं तसंच. त्याने ओठांवर बोट ठेवलं, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती.

"धरलंस ना रे?" बाबांनी विचारलं. "सुरेश ना?"

"होय, सुरेशच," नंदू म्हणाला.

"सोडू नको हां."

"नाय सोडत."